कढीपत्ता बोडका झाला त्याची गोष्ट

जुलैमधली सकाळ, पाऊस जरा उघडला होता म्हणून गॅलरीत कपडे वाळत घालत होते. तेवढ्यात एक मोठं काळं फुलपाखरू आलं आणि कढीपत्त्याच्या कुंडीभोवती घिरट्या घालायला लागलं. मागच्या पंखांवर पांढरे आणि लाल ठिपके. बसत काही नव्हतं नीट, नुसते पाय टेकवायचं पानाला, पोटाचं टोक वाकवायचं, अर्धा सेकंद, की उडालं, परत दुसऱ्या पानावर. मी कॅमेरा आणायला आत गेले नाही. हातात ओला टॉवेल तसाच धरून उभी राहिले पाच-सात मिनिटं. ती गेल्यावर (हो, ती, कारण अंडी घालत होती) कुंडीपाशी खाली बसून एकेक पान बघितलं. कोवळ्या पानांवर मिळून नऊ अंडी. मोहरीपेक्षा बारीक, फिकट पिवळी, अगदी गोल.

हे कॉमन मॉर्मन. आपल्याकडे घराघरात येणारं फुलपाखरू आहे, कारण त्याच्या अळ्यांना लिंबू, संत्रं, कढीपत्ता याच कुळातलं झाड लागतं आणि कढीपत्ता कुणाच्या दारात नाही? यातला नर साधा, काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची एक ओळ. माद्या मात्र तीन तऱ्हेच्या. काही नरासारख्याच दिसतात, काही कॉमन रोजसारख्या आणि काही क्रिमसन रोजसारख्या. रोज ही दोन्ही फुलपाखरं अळीपणी ईश्वरीच्या, म्हणजे सापसणीच्या वेलावर वाढतात, ते विष अंगात मुरलेलं असतं म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत, आणि आपली ही कढीपत्त्यावरची बाई नुसतं त्यांच्यासारखं लुगडं नेसून फिरते. ओळखायचं कसं, तर अंगाकडे बघायचं. खऱ्या रोजचं अंग लाल असतं, हिचं काळं. माझ्याकडे आलेलीचं काळं होतं.

आता कॅमेऱ्याचं सांगते. घेतला तीन वर्षांपूर्वी, मॅक्रो लेन्स, म्हणजे बारीक गोष्टी जवळून टिपणारी, नंतर वर्षभराने, शंभर एमएमची. पहिलं वर्षभर मी पुण्यातल्या वेताळ टेकडीवर फुलपाखरांच्या मागे पळाले. दिसलं की चालले त्याच्या मागे, ते बसलं की दोन पावलं पुढे, ते उठलं की परत. शेकडो फोटो आणि त्यात नीट म्हणावेत असे चार-पाच. मग एकदा ऑक्टोबरात गुडघा दुखत होता म्हणून खाणीच्या अलीकडे रुईच्या झाडाशेजारी दगडावर बसून राहिले, फोटो काढायचा विचारही नव्हता. आणि अर्ध्या तासात प्लेन टायगर नावाचं एक केशरी फुलपाखरू आलं, रुईच्या पानाखाली एक अंडं घातलं, गेलं, मग दुसरं आलं. मी जागची हलले नव्हते. वाकून पानाखाली बघितलं तर अळीसुद्धा होती, काळे-पांढरे-पिवळे पट्टे, पाठीवर काळ्या मिशांसारख्या तीन जोड्या, बुडाशी लालसर. त्या दिवशी माझ्या डोक्यात प्रकाश पडला की फुलपाखरू शोधायचंच नाही, त्याचं झाड शोधायचं आणि तिथे बसायचं.

तेव्हापासून मी झाडं शिकतेय, आणि मनापासून सांगते, फोटोग्राफीवरचे शंभर व्हिडिओ बघून जे झालं नाही ते झाडं ओळखायला लागल्यावर झालं. खुळखुळ्याचं झुडूप दिसलं की थांबते, कारण टायगर आणि क्रो या फुलपाखरांचे नर त्यातला रस ओढायला येतात, माद्यांना बोलवायचा गंध त्यांना त्यातूनच करायचा असतो, आणि एकदा चिकटले की इतके गुंग होतात की लेन्स वीतभर अंतरावर नेली तरी हलत नाहीत. आंब्यावर बांडगूळ दिसलं की मान वर. एकदांडीच्या फुलांपाशी पोटावर झोपलं तर ग्रास ज्युवेल दिसतं, नखाएवढं, भारतातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक, उभ्याने चालणाऱ्याला ते कधीच दिसायचं नाही. आणि घोळ! आपण भाजी करतो ती घोळ. डॅनाइड एगफ्लाय या फुलपाखराची अळी त्यावर वाढते.

या एगफ्लायवर मला जरा जास्तच बोलायचंय, कारण टेकडीवरचं माझं सगळ्यात लाडकं तेच. मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी, केशरी, टोकं काळी. रुईवाल्या विषारी प्लेन टायगरची नक्कल. मी कितीतरी दिवस हिचे फोटो प्लेन टायगर म्हणूनच साठवले होते, नंतर कळलं की मागच्या पंखावरचे काळे ठिपके मोजायचे. प्लेन टायगरला मध्यभागी तीन किंवा चार असतात, हिला वरच्या कडेला एकच. घरी येऊन जुने फोल्डर उघडले, रात्री साडेअकरापर्यंत ठिपके मोजत बसले आणि त्यात तीन एगफ्लाय निघाल्या, इतका आनंद झाला की नवऱ्याला उठवून दाखवल्या. नर अगदी वेगळा, काळाभोर आणि त्यावर मोठे पांढरे गोल, त्या गोलांच्या कडेला निळसर जांभळी झाक. ती झाक म्हणजे रंगद्रव्य नाही, पंखावरच्या खवल्यांच्या बारीक रचनेमुळे उजेड तसा परत येतो, म्हणून एका कोनातून दिसते आणि जरा बाजूला सरकलं की गायब. फोटोत ती आणायला मला दोन सीझन लागले. तो ठराविक दगडावर येऊन बसतो, दुसरं कुणी आलं की हाकलून देऊन परत तिथेच, त्यामुळे त्याचा दगड माहीत झाला की सूर्य कुठे आहे ते बघून आपण आधीच जागा धरायची.

फोटो काढणाऱ्यांसाठी थोडं. फुलपाखराचं रक्त थंड, सकाळी ऊन अंगावर घेतल्याशिवाय त्याला उडता येत नाही, म्हणून पंख पसरून बसलेलं हवं असेल तर ऊन पडल्यानंतरचा पहिला तास, दुपारी जाऊन काही उपयोग नाही. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही, ही एक गोष्ट पाळली तरी निम्मी कमी उडतात. उभ्याने जायचं नाही, लांबूनच खाली बसून सरकत जायचं. सेन्सर आणि पंख समांतर धरायचे, नाहीतर एक पंख शार्प आणि दुसरा धूसर येतो. लेन्सचं छिद्र मी साधारण एफ आठ ते अकरा ठेवते, शटरचा वेग अडीचशेच्या (म्हणजे सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या) खाली जाऊ देत नाही, फ्लॅशचा उजेड मऊ करायला थर्माकोलच्या पातळ शीटचा डिफ्यूझर घरीच केलाय. मोबाईलवर क्लिप लावून मिळणाऱ्या मॅक्रो लेन्सनेही किड्यांचे फोटो फार छान येतात, माझ्या मुलाने काढलेत, कॅमेरा नाही म्हणून कुणी थांबू नका.

किड्यांकडे लोक बघतच नाहीत ही माझी खरी तक्रार आहे. फुलपाखरू म्हटलं की "अय्या किती गोड" आणि शेजारच्या पानावरचा किडा म्हणजे "शी". अहो, रताळ्याच्या कुळातली कुठलीही वेल बघा, किंवा नाल्याकाठची बेशरम, पानाला गोल गोल भोकं पडलेली दिसली की पान हळूच उलटं करा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला वाटलं कुणाच्या कानातल्यातला मणी पडलाय. सोन्याचा थेंब. कासवासारखी पाठ, पण कडेचा भाग काचेसारखा पारदर्शक, त्यातून पानाच्या शिरा दिसतात, आणि मध्ये झगझगीत सोनं. इंग्रजीत टॉर्टॉइज बीटल म्हणतात. जवळ गेलं की पाठ पानाला चिकटवून घट्ट बसतो, पाय, मिशा, डोकं सगळं आत. कवचाच्या थरांमध्ये ओलावा असतो तोवरच ते सोनं, किडा मेला की ओल सुकते आणि तपकिरी टरफल उरतं. म्हणजे हा रंग डबीत ठेवता येत नाही, जिवंत असतानाच बघायचा. त्यानंतर जास्वंदीच्या कुळातल्या फुलांवर येणारे काळे-केशरी पट्ट्यांचे ब्लिस्टर बीटल, दिसायला फारच उठावदार, पण हात लावू नका, त्यांच्या अंगातल्या द्रवाने कातडीवर फोड येतात, लहान मुलं बरोबर असतील तर आधीच सांगून ठेवा.

आणि चतुर. पावसाळा संपता संपता टेकडीवर पिवळसर चतुरांचे थवेच्या थवे असतात, पोरं बोट दाखवत हेलिकॉप्टर म्हणतात ते. यातले बरेचसे वँडरिंग ग्लायडर, म्हणजे भटके. हे वाऱ्यावर स्वार होऊन भारतातून मालदीव, तिथून पुढे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात, मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून २००९ मध्ये हे मांडलं. हे वाचल्यापासून सप्टेंबरमध्ये डोक्यावरून चतुर जायला लागले की मी कॅमेरा खाली ठेवते आणि नुसती बघते.

एक गोष्ट मात्र मनाला लागलेली आहे आणि ती लिहायचीच होती. एका फोटो स्पर्धेत मी आणि माझी मैत्रीण दोघींनी फोटो पाठवले होते. बक्षीस मिळालेल्या फोटोत फुलपाखरू, सगळ्या अंगावर दवाचे थेंब, मागची फांदी एकदम स्वच्छ, अँगल परफेक्ट. नंतर बोलता बोलता त्या माणसाने सहज सांगितलं की फ्रीजमध्ये ठेवलं होतं थोडा वेळ, मग हलत नाही, वरून स्प्रे मारायचा. तो लपवत पण नव्हता, त्याला त्यात काही वावगंच वाटत नव्हतं. मी त्यानंतर दोन दिवस नीट जेवले नाही असं झालं मला. ज्या जीवाचं मोठेपणीचं सगळं आयुष्य उणंपुरं दोन-चार आठवड्यांचं, त्यातला एक दिवस आपण फ्रीजमध्ये घालायचा? आणि पंख बोटात धरले की जी भुकटी निघते ती धूळ नसते, ते त्याचे खवले असतात, परत येत नाहीत. मी तेव्हापासून माझ्या प्रत्येक फोटोखाली लिहिते की कुठल्या झाडावर, किती वाजता, आणि हात न लावता.

गावाकडचं थोडक्यात. माझं माहेर संगमेश्वरकडचं, दिवाळीत गेले की परसातल्या आंब्याच्या बांडगुळावर कॉमन जेझबेल असतात. आपल्याकडे त्याला हळदीकुंकू म्हणतात, आणि हे नाव ज्याने दिलं त्याला माझा नमस्कार. वरून बघितलं तर पांढरंच वाटतं, पण पंख मिटून बसलं की खालून पिवळाधमक रंग आणि कडेला ओळीने लाल बोटं उठवल्यासारखी. आणि ओढ्याच्या वाळूत राणी पाकोळी, काहीजण नीलवंत म्हणतात, म्हणजे ब्लू मॉर्मन, आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ मध्ये जाहीर झालं, असं फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य. नर ओल्या वाळूतून क्षार शोषत बसतात तेव्हा पंख सारखे थरथरत असतात, त्यामुळे शटर वाढवावंच लागतं. माझ्या आईला विचारलं की हे तू लहानपणी बघितलंयस का, तर म्हणाली, "अगं, आम्ही ओढ्यावर धुणं धुवायला जायचो तेव्हा ती आमच्या पायाशी असायची, पण बघायला कुणाला वेळ होता!" आणि जूनमध्ये मिरगाचा किडा, लाल मखमली, तो खरं तर कीटक नव्हेच, आठ पायांचा, कोळ्याच्या गोतावळ्यातला. पहिल्या पावसानंतर थोडे दिवस जमिनीवर दिसतो की गेला.

तर परत माझ्या कुंडीकडे.

नऊ अंड्यांतली दोन सुकली. सात अळ्या निघाल्या, निघाल्याबरोबर आधी आपलंच टरफल खाल्लं. सुरुवातीला त्या चक्क पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात, तपकिरी आणि त्यावर पांढरा डाग, सासूबाईंनी दोनदा ओल्या फडक्याने पुसायला घेतल्या होत्या. एक कुठे गेली कळलंच नाही, बहुतेक बुलबुलने उचलली. चारदा कात टाकून पाचव्या अवस्थेत एकदम हिरवीगार होते आणि मग जे खाते! बोटाएवढ्या सहा अळ्या आणि एक कुंडी. मुलगा शाळेतून आला की आधी गॅलरीत. त्याने काडीने एकीला जरासं डिवचलं तर डोक्यामागून लाल दुतोंडी शिंग बाहेर आलं, सापाच्या जिभेसारखं, आणि संत्र्याची साल कुजल्यासारखा उग्र वास, दोन सेकंदात परत आत. त्याचा फोटो मिळावा म्हणून मी काही परत डिवचलं नाही.

झाड चार दिवसांत बोडकं झालं. नुसत्या काड्या. मग मी काय केलं, मंडईतून भाजी आणताना कढीपत्त्याची मोठी जुडी आणली, दोनदा धुतली, पाण्याच्या बाटलीत खोचून कुंडीत ठेवली. अळ्यांनी खाल्ली पण. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन अळ्या काड्यांना लटकलेल्या होत्या, मऊ पडलेल्या, तोंडातून हिरवं पाणी. ती पानं फवारलेली होती. ज्या पानांना एकही भोक नसतं ती पानं आपण छान, ताजी म्हणून निवडून घेतो ना, त्या जुडीतही एकाही पानाला भोक नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं. मुलगा काही बोलला नाही, त्याने तिघींना कुंडीतच पुरलं.

उरलेल्या तीन घेऊन मी बिल्डिंगमध्ये दारोदार फिरले, फवारा न मारलेला कढीपत्ता कुणाकडे आहे का विचारत. तळमजल्यावरच्या काकूंकडे जमिनीत लावलेलं पुरुषभर उंचीचं झाड निघालं. म्हणाल्या, "कीड सोडणार माझ्या झाडावर?" मी मोबाईलमध्ये फोटो दाखवले, अंड्यापासूनचे सगळे, आणि ती लाल-पांढऱ्या ठिपक्यांची काळी आई. त्यांनी चष्मा लावून एकेक बघितला. मग म्हणाल्या, सोड, पण वरच्या फांदीवर, खालचा मला फोडणीला लागतो.

तिघी कोशात गेल्या. दोन हिरवे कोश पानांत, एक तपकिरी, भिंतीलगतच्या सुक्या काडीवर. कमरेभोवती रेशमाचा एकच धागा, विजेच्या खांबावर चढणारा वायरमन दोर लावतो तसा. एके दिवशी तपकिरी कोशाला टाचणीने टोचल्यासारखं भोक दिसलं आणि त्यातून एकामागोमाग चिलटाएवढ्या गांधीलमाश्या बाहेर यायला लागल्या, मी पन्नासपर्यंत मोजल्या. यांची आई कोश कोवळा असतानाच त्यात अंडी घालून जाते आणि आतलं फुलपाखरू खाऊन ही पिल्लं वाढतात. मुलाला फार वाईट वाटलं, मलाही. पण लेन्स लावून बघितलं तर त्यांचं अंग हिरव्या तांब्यासारखं चमकत होतं, प्रत्येकीचं, आणि मी म्हटलं बघ, हा पण रंगीत किडाच. त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "मग यांना कोण खातं?" मी म्हटलं कोळी खात असेल, आपण बघू.

दुसऱ्या कोशातून कधी निघालं ते आम्हाला दिसलं नाही, रिकामं टरफल मिळालं. तिसरा आदल्या रात्री काळा पडला, आतले पंख बाहेरून दिसायला लागले, म्हणून पहाटे साडेपाचला मी काकूंच्या अंगणात स्टूल टाकून बसले. काकूंनी चहा आणून दिला. सातच्या सुमाराला कोशाला डोक्यापाशी चीर पडली आणि मिनिटभरात ते बाहेर, ओलं, चुरगळलेलं, पंख जेमतेम करंगळीच्या नखाएवढे. रिकाम्या कोशाला लटकून राहिलं. मग पोटातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलत गेलं आणि पंख अक्षरशः डोळ्यांसमोर उतरत गेले, भिजवलेलं कापड दोरीवर सुटं होत जावं तसे. पण मी विसरणार नाही ते त्याची सोंड. ती निघते तेव्हा दोन वेगळे धागे असतात. फुलपाखरू ती सारखं गुंडाळतं, सोडतं, परत गुंडाळतं, आणि असं करता करता दोन्ही धागे मिळून त्याची एक नळी होते. हे झालं नाही तर त्याला आयुष्यभर मध पिता येत नाही. मॅक्रोमधून ते दोन धागे वेगळे दिसत होते, टोकाशी थोडे फाकलेले, आणि वीसेक मिनिटांनी एकच धागा. त्याचे माझ्याकडे अकरा फोटो आहेत आणि आजवर काढलेल्या कुठल्याच फोटोसाठी मी त्यातला एकही देणार नाही. काकूंनी पण लेन्समधून बघितलं. "सुईत दोरा ओवायच्या आधी दोन पदर पिळतो तसं करतंय गं," म्हणाल्या.

नर होता. साडेनऊला उडाला, आधी तुळशीवर, मग कंपाउंडवरून पलीकडे.

माझ्या कुंडीला आता परत पालवी आलीय, मी तिच्याशेजारी अजून एक कढीपत्ता आणि एक लिंबू लावलंय. काकूंचा परवा दुपारी फोन आला, मी ऑफिसात होते, मीटिंग चालू होती तरी उचलला. म्हणाल्या, "अगं, खालच्या फांदीवर पण आल्यात आता, आठ मोजल्या मी. संध्याकाळी येतेस का कॅमेरा घेऊन? आणि येताना मला कोपऱ्यावरून दहाचा कढीपत्ता आण, धुऊन घेईन मी, माझ्या झाडाचा नाही तोडत."